पाढे म्हनून राह्यलं लेकरू

डिसेंबरात आमच्याकडे घरोघरी एकच उद्योग चालतो, तुरीच्या ओल्या शेंगा सोलण्याचा. बाजारातून पिशवीभर शेंगा आणायच्या, ओट्यावर गोणपाट टाकायचं आणि घरात जो कोणी रिकामा दिसेल त्याला बसवायचं. आतून जे हिरवे दाणे निघतात त्यांना आम्ही सोले म्हणतो. पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना हा शब्द दोनदा समजावून सांगावा लागतो. सोल्यांची भाजी मात्र एकदाच वाढावी लागते, पुढची ते स्वतःच मागून घेतात.

खामगावातल्या आमच्या ओट्यावरची अशीच एक दुपार. माझी आई, वय ८२. तिच्या शेजारी मी. पलीकडे नात, वय ११. आणि मधोमध गंज मांडीशी घेऊन नातू, वय ६. त्याच्या बोटांना शेंग फोडण्याइतकं बळ नाही, म्हणून त्याला दुसरं काम दिलेलं : आम्ही सोललेले दाणे उचलायचे आणि गंजात टाकायचे. तो एकेक दाणा टाकत होता. टप् टप्, टप्, टप् टप्. ओठ हलत होते, मान हलत होती. आईला आता कमी ऐकू येतं. ती ओठ पाहते आणि अंदाज बांधते. समाधानानं म्हणाली, "पाढे म्हनून राह्यलं लेकरू."

पाढे नव्हते. मी कान जवळ नेला. हिंदीतलं रॅप होतं, माझ्या पुतण्याच्या मोबाइलवर रील पाहून उचललेलं. निम्मे शब्द गिळलेले, निम्मे फुगवलेले, आणि दर चार ओळींनी येणारा एक शब्द मात्र स्वच्छ, ठसठशीत. आईमाईवरचा. तो शब्द आला की नेमका एक सोला गंजाच्या काठावर आपटून आत जायचा. इतकं नेमाचं काम, की शब्द हुकला असता तर सोला बाहेर पडला असता.

मी ओरडलो नाही. त्यात समजूतदारपणा काही नव्हता, मला हसू आवरत नव्हतं.

"काय म्हनून राह्यला बे?"

"गानं."

"त्या शब्दाचा अर्थ माहीत हाये का तुले?"

मोबाइलचं लॉक न उघडता येणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आबा, त्याले अर्थ नसते. बीट हाये ते."

नातीनं मान वर केली नाही. तिच्या हातातली शेंग मात्र अर्धी उघडून थांबली होती. ते मी तेव्हा पाहिलं आणि सोडून दिलं.

रात्री घरात विषय निघाला. सून म्हणाली, मोबाइल बंद. मुलगा म्हणाला, आपण काय कमी शिव्या शिकलो का लहानपणी. मला विचारलं तेव्हा माझ्या वयाचा माणूस म्हणतो तेच मी म्हणालो : लहान लेकरांच्या कानावर असली गाणी पडू नयेत. पण म्हणता म्हणता जीभ जराशी अडखळली. कारण तोच शब्द मी पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं उच्चारला तेव्हा आठ वर्षांचा होतो, आणि तोंडात साखरेची गाठी होती.

आमचं मूळ गाव जळगाव जामोदच्या अंगाला. समोर सातपुडा दिसतो, पण विहिरीचं पाणी खारपाणपट्ट्यातलं, मचूळ. होळीच्या आधी पंधरा दिवस पोरं गावातली लाकडं पळवायची, बाया शेणाच्या चाकोल्या थापून त्यांच्या माळा करायच्या. पौर्णिमेला होळी पेटली की एरवी मंदिरात टाळ धरणारी माणसं तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकायची आणि त्या बोंबेच्या शेपटाला शिव्या लागायच्या. साध्या नाहीत. यमक साधलेल्या, जोडीच्या, एकानं उठवायच्या आणि बाकीच्यांनी झेलायच्या. पाटील सुटत नसे, मास्तर सुटत नसे, ज्याच्या घरून लाकूड मिळालं नाही तो तर नाहीच नाही. आम्ही पोरं गळ्यात गाठ्यांचे हार घालून, त्यातली एकेक गाठी चोखत, मोठ्यांच्या मागून ओरडायचो. अर्थाचं नाव नाही. आम्हालाही ते बीटच होतं. माझी आजी एरवी 'लेका' म्हटलं तरी तोंडावर चापट मारायची. त्या रात्री ती दारात उभी राहून पदराआड हसायची.

दुसऱ्या दिवशी धुळवड. दुपारी विहिरीवर नेऊन विटकरीच्या तुकड्यानं घासून आंघोळ. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे, म्हणून घासायचं ते अंगातून रक्त निघेस्तोवर. आणि ती आंघोळ झाली, की कालचा शब्द तोंडातून निघाला तर मार. रात्री ज्या शब्दावर सगळं गाव हसलं, त्याच्यापायीच दुपारी गालावर वळ. आम्हाला यात काही विचित्र वाटत नव्हतं. गाठी संपली, शब्द संपला. पुढच्या फाल्गुनात दोन्ही पुन्हा मिळणार होते.

पोळ्यालाही असंच काहीसं. तोरणाखाली गावातल्या बैलजोड्या सजून उभ्या राहिल्या की झडत्या सुरू व्हायच्या. आमच्या गावात झडत्या म्हणणारा एक सालदार होता. अंगानं काटकी, बारा महिने मालकासमोर मान खाली. त्या एका संध्याकाळी तो छाती काढून तोरणापुढे यायचा आणि एका दमात दहा-बारा ओळी ठणकवायचा. कापसाच्या काट्यात मापाडी कसा मारतो, सावकाराची बायको किती सोनं घालते, पाटलाचा बैल कसा बसून उठत नाही. मधूनच एखादी ओळ अशी यायची की म्हातारे खोकू लागायचे आणि आम्ही ओट्यावरची पोरं खालच्या पोरांच्या पाठीत बुक्क्या मारायचो. शेवटी सगळ्यांचा 'हर हर महादेव', तोरण तुटायचं, पोळा फुटायचा, बैल घराकडे पळायचे. दुसऱ्या दिवशी सालदार पुन्हा मान खाली घालून वखरावर.

आता इथं कोणीतरी टाळी वाजवून म्हणेल, बघा, रॅप आमच्याकडे आधीपासूनच होतं. मला ते म्हणायचं नाही. विमानापासून सगळंच आमच्याकडे आधी होतं म्हणण्याची आपल्याला खोड आहे. सालदाराला माइक नव्हता. त्याची झडती विकत घेणारी कंपनी नव्हती. आणि कोणाला ती रात्री दोन वाजता पांघरुणात शिरून पुन्हा पुन्हा ऐकता येत नव्हती.

गंमत म्हणजे आमच्या त्या होळी-पोळ्याचं आणि रॅपच्या सुरुवातीचं साल एकच. ७२-७३चा दुष्काळ. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकर आम्ही खात होतो, जी गरम असताना चिवट आणि गार झाल्यावर लाकूड. त्याच वेळी तिकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या एका मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे जमवायला तिनं आपल्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. पत्ता १५२० सेजविक अव्हेन्यू, तारीख ११ ऑगस्ट १९७३. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकात जन्मलेला, ज्याला पुढे जगानं डीजे कूल हर्क म्हणून ओळखलं. त्याच्या लक्षात आलं होतं, की गाण्यातले शब्द थांबतात आणि नुसता ताल उरतो त्या तेवढ्या तुकड्यावर पोरं जीव तोडून नाचतात. म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवून तोच तुकडा तो लांबवत राहिला. हिप-हॉपचा वाढदिवस लोक त्या रात्रीपासून मोजतात.

म्हणजे हे सगळं सुरू झालं ते शब्द नसलेल्या जागेतून, आणि शाळेच्या कपड्यांपायी. नातवाचं 'बीट हाये ते' मी त्या दिवशी हसण्यावारी नेलं होतं. नंतर हे वाचलं तेव्हा वाटलं, पोरगा मुळापाशी बोलला की.

शब्द नंतर आले, आणि शब्दांमागोमाग आईबाप आले. १९८४च्या अखेरीस अमेरिकेत सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर यांनी आपल्या ११ वर्षांच्या मुलीसाठी आणलेल्या रेकॉर्डवर प्रिन्सचं एक गाणं ऐकलं आणि त्या हादरल्या. ते गाणं रॅप नव्हतं, पण वादळ तिथून उठलं. समिती निघाली, १९८५च्या सप्टेंबरात थेट सिनेटपुढे सुनावणी झाली, आणि १९९०मध्ये पालकांना सावध करणारी ती काळी-पांढरी पट्टी कॅसेटींवर आली. पट्टी लागली ती कॅसेट पोरांना आधी हवी झाली, हे सांगायला अमेरिकेला जायची गरज नाही. खामगावच्या टॉकीजवर 'फक्त प्रौढांसाठी' लागलं की नववीच्या वर्गात हजेरी कशी उतरायची ते मला माहीत आहे.

मोबाइलवर आता त्या पट्टीचं एक छोटंसं चौकोनी अक्षर उरलंय. गाण्याच्या नावापुढे बारकासा इंग्रजी ई. मी नातवाला ते दाखवून विचारलं, हे काय आहे? त्यानं क्षणभरही न थांबता सांगितलं, "ई. ई फॉर एलिफंट." रीलवर तर तो हत्तीही नसतो.

आपल्याकडे पट्ट्या नव्हत्या असं नाही, पण त्या वरून लागायच्या. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर आपलेच, मराठी. देशाचा कान सुधारायचा म्हणून त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. देशानं रेडिओची सुई फिरवून सिलोन लावलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू करावी लागली. माझे वडील केसकरांचे मोठे चाहते होते. त्यांचा रेडिओ मात्र सिलोनवरच असायचा.

आणि दादा कोंडके! 'सोंगाड्या' १९७१चा. गणपतीत सकाळी आरती आटोपली की भोंग्यावर दादांची गाणी लागायची आणि आम्ही चड्डीतली पोरं ती तोंडपाठ म्हणत प्रसाद वाटायचो. कोणी अडवलं नाही. अडवणार कोण? अडवायचं तर आपल्याला दुसरा अर्थ कळला हे कबूल करावं लागतं. मला त्यातल्या एका गाण्याचा तो दुसरा अर्थ बऱ्याच वर्षांनी कळला. बुलढाण्याला कॉलेजात होतो, मलकापूरहून एसटीनं चाललो होतो, राजूर घाटात गाडी पहिल्या गिअरवर रेकत होती, आणि काही कारण नसताना ती ओळ डोक्यात आली आणि उलगडली. मी एकटाच खो-खो हसलो. शेजारचा माणूस पिशवी घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसला.

तेव्हापासून माझा एक समज होता. शब्द आधी येऊन राहतो, अर्थ मागून एसटीनं येतो, आणि तोवर पोरगं मोठं झालेलं असतं. त्यात घाबरण्यासारखं काय?

हा समज मी चांगला चाळीस वर्षं बाळगला. तो मोडला एका हळदीत.

सोले सोलण्याच्या त्या दुपारनंतर महिन्याभरानं, चिखलीकडे नात्यातलं लग्न होतं. आम्ही घाटाखालचे, ते घाटावरचे. त्यांची बोली वेगळी, आमची वेगळी, पण डीजे दोन्हीकडे एकच. मंडपासमोर भिंतीएवढे स्पीकर रचलेले. हळद लागली न लागली तोच गाणी सुरू झाली. त्यातलं एक नातवाचं ओळखीचं निघालं. तो सुसाट पुढे. अंगाला हळद, शर्टाची बटणं उघडी, एक हात गाण्यातल्या पोरांसारखा तिरका. भोवती मोठी माणसं मोबाइल वर धरून उभी. कोणी दहाची नोट त्याच्या डोक्यावरून ओवाळली. तो शब्द आला तेव्हा स्पीकरसोबत वीस-पंचवीस लेकरं तो एका सुरात ओरडली आणि मोठ्यांमध्ये हशा पिकला. मी कानात बोटं घातली होती. माझी तक्रार एवढीच होती की, लय मोठ्यानं वाजवून राह्यले.

नात दिसेना. मागल्या वर्षीच्या लग्नात ही पोरगी सगळ्यांच्या पुढे नाचत होती, तिला ओढून आणावं लागलं होतं. शोधत गेलो तर मंडपाच्या मागे, उलट्या रचलेल्या खुर्च्यांच्या थप्पीला टेकून उभी. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत.

"तू नाई गेली नाचाले?"

"नाई."

"काहून?"

बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "आबा, ते गान्यात मुलीले काय म्हनते ते आयकलं का तुमी?"

मी ऐकलं नव्हतं. कानात बोटं होती.

"मागच्या साली मलेबी समजत नोतं," ती म्हणाली. "आता वाटते मलेच म्हनून राह्यले. आन् सारे हासून राह्यले."

मी तिला काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. उत्तर नव्हतंच. पाणी पिते का, असं काहीतरी विचारलं.

तिच्याकडे अर्थ येऊन पोचला होता. घाटात नव्हे, एकटीला हसू यावं असा नव्हे. अकराव्या वर्षी, भरल्या मंडपात, भावाच्या तोंडून. 'लहान मुलांनी असली गाणी ऐकावीत का' हा प्रश्न मी महिनाभर डोक्यात घोळवत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सहा वर्षांचा मुलगाच होता. त्याच्या तोंडाची मला काळजी होती. ऐकणारे कान दुसऱ्याच कोणाचे असतील, हे मनात आलंही नाही.

रात्री झोप येईना. मग होळी आठवली, आणि पहिल्यांदाच एक गोष्ट खुपली. त्या जाळाभोवतीच्या गर्दीत माझी बहीण मला दिसेना. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. चाकोल्या थापायला ती होती, माळा ओवायला होती. होळी पेटल्यावर कुठं होती? आठवणीत कुठंच नाही. आजी पदराआड हसायची असं मी वर लिहिलंय. हसायचीच का, हेही आता मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पदर होता, एवढं खरं.

ताई मेहकरला असते. सकाळी फोन लावला आणि इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, होळीच्या रात्री तू कुठं असायची?

"कुठं म्हंजे? घरात. कडी लावून," ती म्हणाली. "माय म्हने, कानावर हात ठेव. पन आयकू येच. तुहा आवाज तं बराबर वळखू ये मले."

मग ती हसली आणि सोल्यांचा भाव विचारू लागली.

आवाज ओळखण्यावरून आठवलं. यो यो हनी सिंगच्या गाण्यांत अश्लीलता असल्याच्या तक्रारीवरून नागपूरच्या पाचपावली पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला होता. आवाज त्याचाच का हे ताडून पाहायला नमुना हवा, म्हणून २०२२च्या सुरुवातीला नागपूरच्या न्यायालयानं त्याला तिथं हजर राहायला सांगितलं. वर्तमानपत्रात ते वाचलं तेव्हा मला मजा वाटली होती. ज्याचा आवाज विदर्भातल्या प्रत्येक हळदीत वाजतो, त्याचा नमुना घ्यायला त्याला ठाण्यात बोलवायचं. ताईला असल्या नमुन्याची गरज पडली नव्हती.

हळदीहून परतल्यावर मी पुतण्याला धरलं. तोच तो, ज्याच्या मोबाइलवरून नातवाला हे लागलं. पोरगा वाईट नाही. बी.एस्सी.ला आहे, आणि स्वतःही रॅप लिहितो. 'गली बॉय' २०१९ला आला तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून वहीच्या मागच्या पानांवर यमकं. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतून आलेल्या एमसी स्टॅननं २०२३च्या फेब्रुवारीत 'बिग बॉस' जिंकलं त्या रात्री यानं मोहल्ल्यात फटाके फोडले होते. आमचं खामगाव चांदीचं गाव. पिढ्यान् पिढ्या देवाचे टाक, समया, ताम्हनं घेणारे लोक येतात. माझ्या ओळखीचा एक चांदीवाला सांगत होता, त्या दिवसांत पोरं यायची आणि मोबाइलवर स्टॅनचा फोटो दाखवून म्हणायची, अशी साखळी पायजे, बैलाच्या गळ्यात असते तशी जाड.

पुतण्याचं एक रॅप सोयाबीनच्या भावावर आहे. चांगलं आहे, मी खोटं बोलणार नाही. मळणी यंत्राचा आवाज त्यानं ठेक्यात असा बसवलाय की कानात भुस्सा गेल्यासारखं होतं. आधी भाव, मग पीक विमा, आणि विम्याच्या कडव्याला ती शिवी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ते म्हणायचं ठरलं तेव्हा त्याला सांगण्यात आलं, शब्द काढ. यानं काढला. त्या जागी काहीच ठेवलं नाही, नुसता ताल चालू ठेवून माइक प्रेक्षकांकडे केला. सगळ्या मांडवानं तो शब्द भरला.

"मोठे बाबा, शिवी काढली तं निवेदन होते ते," तो म्हणाला. "तहसीलदाराले देतो ना, तसं. सही-शिक्क्याचं. कोन आयकते?"

याला माझ्याकडे तोड नव्हती. मला सालदार आठवला. एप्रिल २०२३मध्ये राज्यात एक-दोन तरुण रॅपरांवर गुन्हे दाखल झाले तेव्हा सरकारवरचा राग हाच मुद्दा होता, हेही आठवलं. शब्द सभ्य असता तर ते सुटले असते असं काही दिसत नव्हतं.

तरी मी विचारलं, "भाव पाडला कोनं? विमा दाबला कोनं? मंग शिवी कोनाच्या मायले देऊन राह्यला तू?"

तो गप्प बसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "यमक जुळते ना."

आम्ही दोघंही हसलो. नात आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती तांब्या ठेवून गेली.

सुनेनं मोबाइलला लॉक बसवलं. नातवानं ते दोन दिवसांत उघडलं, कारण बोट कसं फिरतं तेही त्याच्या दृष्टीनं एक बीटच. मग मोबाइल कपाटात गेला. मग अभ्यासाचं काहीतरी त्याच्यावर आलं, म्हणून बाहेर निघाला. घर असंच चालतं. मला पंचायतीला बसवलं तर मी अजूनही तेच म्हणेन, लहानांच्या कानावर पडू नये. पण हळदीत ज्या मोठ्यांनी मोबाइल वर धरले होते, त्यांच्यातल्या निम्म्यांना मी नावानं ओळखतो, आणि त्यांपैकी एकालाही मी अजून काही बोललेलो नाही.

यंदा पुन्हा शेंगा आल्या. परवा संध्याकाळी ओट्यावर बसलो आणि लाइन गेली. अंधारात सोलायला डोळे लागत नाहीत, बोटांना शिवण बरोबर सापडते. नातू आता सात वर्षांचा. त्याला कंटाळा आला. म्हणाला, "आबा, तुमचं म्हना ना, ते बैलावालं."

मी सालदाराची झडती सुरू केली. पन्नास वर्षांत पुष्कळ विसरलोय, पण उठाव आठवतो, दम कुठं घ्यायचा ते आठवतं. चार ओळी झाल्या आणि ती जागा आली, म्हातारे खोकायचे ती. मी थांबलो. नातवानं तोंडानं 'धप्' असा आवाज काढून ती जागा भरली आणि म्हणाला, "पुढे?" मी पुढे गेलो. पुन्हा तशी जागा, पुन्हा धप्. असं आम्ही पोळा फुटेपर्यंत नेलं. आईला यातलं किती ऐकू आलं कोण जाणे, तिनं शेवटी हात जोडले.

गंजात सोले पडण्याचा आवाज तेवढा चालू होता. माझे हात थांबले होते, नातवाचे केव्हाच थांबले होते. टप् टप्, टप्, टप् टप्.

लाइन आली. आईनं डोळे किलकिले करून समोर पाहिलं. नातीचे ओठ हलत होते, मान किंचित हलत होती, आणि दर थोड्या वेळानं एक सोला काठावर आपटून आत जात होता.

"पाढे म्हनून राह्यली वाटते पोरगी," आई म्हणाली.

मी कान दिला, तशी ती थांबली.